युतीच्या करारात काय लिहिले होते?

विलायतेच्या सरकारातली भांडणे आपण कशाला वाचायची, असे आमचे काही वाचक म्हणतील. चाळीचा पुनर्विकास रखडला आहे, पोरीची स्कॉलरशिप अडकली आहे, आणि हे कुठले इंग्लंड काढून बसले! प्रश्न रास्त आहे. पण वाचकहो, थोडा वेळ द्या. आपली संसद ज्या घडणीवर उभी आहे ती घडण तिकडची. बाबासाहेब लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये आणि ग्रेज इनमध्ये शिकले ते तिथेच. आज राजर्षी शाहू महाराजांच्या नावाच्या शिष्यवृत्तीवर आपल्या वस्त्यांतली मुले-मुली शिकायला जातात तीही तिथेच. आणि युती हा शब्द तर आपल्याला नवा नाहीच. १९५२ च्या निवडणुकीत बाबासाहेबांच्या शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनने समाजवादी पक्षाशी हात मिळवला होता. १९५७ साली फेडरेशन संयुक्त महाराष्ट्र समितीत होते. तेव्हापासून आजतागायत आपल्या चळवळीतला प्रत्येक गट कुणाशी ना कुणाशी युती करीतच आला आहे.

म्हणून २०१० ते २०१५ या पाच वर्षांत इंग्लंडमध्ये मोठ्या आणि छोट्या पक्षाचे जे संयुक्त सरकार चालले, त्याची गोष्ट आपल्या घरात वाचली जावी असे आम्हांला वाटते. त्या सरकारात दोन विषयांवरून सतत धुसफूस झाली. एक, मतदानाची पद्धत बदलायची की नाही. दुसरा, परदेशातून येणाऱ्या माणसांना किती आत घ्यायचे. एक प्रश्न मताचा, दुसरा माणसाचा. दोन्ही आपल्या जिव्हाळ्याचे.

कुणालाच बहुमत नाही

६ मे २०१० रोजी तिकडे निवडणूक झाली. कॉमन्स सभागृहात ६५० जागा. हुजूर पक्षाला तीनशेच्या थोड्या वर जागा मिळाल्या, मजूर पक्षाला २५८. बहुमताला ३२६ लागतात, ते कुणालाच मिळाले नाही. तिसरा पक्ष लिबरल डेमोक्रॅट, आपण त्याला उदारमतवादी म्हणू. त्याला शंभरातली २३ मते मिळाली आणि जागा मिळाल्या फक्त ५७. म्हणजे शंभर भाकऱ्यांच्या पाटीत तेवीस भाकऱ्यांचे पीठ घातले आणि ताटात पडल्या नऊ!

हे असे का होते? आपल्याकडची आणि तिकडची पद्धत एकच. एका मतदारसंघात ज्याला सर्वांत जास्त मते तो निवडून आला, बाकीची मते वाया. ज्या पक्षाचे मतदार देशभर विखुरलेले, त्याचे नुकसान सर्वांत जास्त. आपला समाजही गावोगावी विखुरलेला आहे. त्यामुळे ही खंत आपल्याला समजावून सांगावी लागत नाही.

११ मे २०१० रोजी हुजूर पक्षाचे डेव्हिड कॅमेरॉन पंतप्रधान झाले आणि उदारमतवाद्यांचे पुढारी निक क्लेग उपपंतप्रधान. दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडमध्ये आलेले हे पहिलेच संयुक्त सरकार. दोन्ही पक्षांनी पाच वर्षांचा लेखी करार केला आणि तो छापून लोकांपुढे ठेवला. आमच्या मते या सगळ्या गोष्टीतली शिकण्यासारखी पहिली बाब हीच. करार बंद खोलीत राहिला नाही. कुणीही तो वाचावा आणि नंतर जाब विचारावा.

मोजण्याची पद्धत बदलली की काय बदलते

उदारमतवाद्यांची कित्येक दशकांची मागणी होती प्रमाणशीर प्रतिनिधित्वाची, म्हणजे जितकी मते त्या मानाने जागा. हुजूर पक्षाला ते मुळीच नको होते. शेवटी तडजोड झाली ती एका वेगळ्याच पद्धतीवर, पसंतीक्रमाच्या मतदानावर. आपल्याकडे विधान परिषदेच्या पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघांत उमेदवारापुढे १, २, ३ असे आकडे घालतात, तसेच हे. आपले राष्ट्रपतीही याच रीतीने निवडले जातात. १९६९ साली व्ही. व्ही. गिरी दुसऱ्या पसंतीची मते मोजल्यावर निवडून आले, हे जुन्या मंडळींना आठवत असेल.

घरातल्या मुलांना समजावे म्हणून एक साधे उदाहरण घेऊ. समजा, विहार समितीचा अध्यक्ष निवडायचा आहे. मतदार शंभर, उमेदवार तीन. पहिल्याला ४० मते, दुसऱ्याला ३५, तिसऱ्याला २५. आजच्या पद्धतीने ४० वाला अध्यक्ष झाला, जरी साठ जणांना तो नको होता. पसंतीक्रमात तिसरा बाद होतो आणि त्याच्या २५ चिठ्ठ्यांवरची दुसरी पसंती पाहतात. त्यातल्या २० दुसऱ्याला आणि ५ पहिल्याला गेल्या, तर दुसऱ्याची झाली ५५ आणि पहिल्याची ४५. अध्यक्ष बदलला! मतदार तेच, त्यांची मनेही तीच. मोजण्याची रीत तेवढी बदलली.

आंबेडकरी माणसाला ही गोष्ट नवी नाही. १९३२ च्या जातीय निवाड्यात अस्पृश्यांना प्रांतिक विधिमंडळांत ७१ जागा आणि स्वतंत्र मतदारसंघ मिळाले होते. २४ सप्टेंबर १९३२ च्या पुणे कराराने जागा १४८ झाल्या, पण अंतिम निवड संयुक्त मतदारसंघाच्या हाती गेली. आपल्या लोकांना फक्त प्राथमिक फेरीत चार उमेदवारांची निवड करता येई. आकडा दुप्पट झाला आणि निवडून देणारा हात बदलला. प्रतिनिधी कुणाला उत्तरदायी राहील हे मतदानाच्या पद्धतीवर ठरते, हे बाबासाहेबांनी पुढे आयुष्यभर सांगितले. १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनात तर त्यांनी पंतप्रधानाची निवड संपूर्ण सभागृहाने पसंतीक्रमाच्या एकल संक्रमणीय मताने करावी, अशी सूचना केली होती. केवळ बहुसंख्याकांच्या मर्जीतला माणूस वर बसू नये, हा त्यामागचा हेतू.

तेव्हा क्लेग यांची मागणी क्षुल्लक होती असे आम्ही म्हणणार नाही. पण त्यांनी करारात काय लिहून घेतले ते पाहा. नवी पद्धत लागू करू, असे लिहून घेतले नाही. त्या पद्धतीवर सार्वमत घेऊ, एवढेच लिहून घेतले. आणि पुढे असेही लिहिले की सार्वमत घेण्याच्या विधेयकाला दोन्ही पक्ष पाठिंबा देतील, मात्र सार्वमताच्या प्रचारात कोणत्या बाजूला उभे राहायचे याची प्रत्येकाला मोकळीक राहील. म्हणजे सरकारात मांडीला मांडी लावून बसलेल्या मोठ्या भावाला धाकट्याच्या मागणीविरुद्ध गावभर दवंडी पिटण्याची परवानगी करारातच दिलेली होती. शिवाय ही पद्धत प्रमाणशीर नव्हतीच. निवडणुकीपूर्वी खुद्द क्लेग यांनीच तिला केविलवाणी तडजोड म्हटले होते. जी वस्तू आपणच केविलवाणी म्हटली, तीच घेऊन लोकांकडे मते मागायला जाण्याची पाळी त्यांच्यावर आली.

माणसांवर मर्यादा

आता दुसरा विषय. हुजूर पक्षाने जाहीरनाम्यात म्हटले होते की देशात येणारे वजा देश सोडून जाणारे, असा जो निव्वळ आकडा वर्षाला लाखांत आहे तो हजारांत आणू. उदारमतवाद्यांच्या जाहीरनाम्यात याच्या उलट सूर होता. दहा वर्षे कागदपत्रांविना राहिलेल्या, गुन्ह्याचा डाग नसलेल्या माणसाला नागरिकत्वाकडे जाण्याची वाट द्यावी, असे त्यांचे म्हणणे होते. करारात दोन्ही गोष्टी आल्या नाहीत. युरोपबाहेरून कामासाठी येणाऱ्यांवर वार्षिक मर्यादा घालू, एवढे आले. आणि उदारमतवाद्यांच्या आग्रहाने एक चांगली गोष्ट आली. कागदपत्रांच्या कारणावरून लहान मुलांना कोठडीत डांबणे बंद करू.

पुढे काय झाले? लाखांवरून हजारांवर आणण्याचे हुजूर पक्षाचे उद्दिष्ट करारात नसतानाही सरकारी धोरण म्हणून बोलले जाऊ लागले. गृहखाते हुजूर पक्षाच्या थेरेसा मे यांच्याकडे होते. ज्याच्याकडे खाते त्याच्याकडे फाईल, हे आपल्याला मंत्रालयाच्या पायऱ्या झिजवून ठाऊक आहेच.

१४ एप्रिल २०११. आपण इकडे भीमजयंतीच्या मिरवणुकीत होतो, त्याच दिवशी पंतप्रधान कॅमेरॉन यांनी परदेशी माणसांवर मोठे भाषण केले. बाहेरून आलेली काही माणसे इंग्रजी शिकत नाहीत, मिसळत नाहीत, त्यामुळे काही वस्त्यांत अस्वस्थता येते, असा त्याचा रोख होता. त्यांच्याच मंत्रिमंडळातले उदारमतवादी उद्योगमंत्री व्हिन्स केबल यांनी लगेच जाहीरपणे सांगितले की हे बोलणे शहाणपणाचे नाही, यातून टोकाच्या मंडळींना बळ मिळेल. आणि हजारांचा आकडा हा हुजूर पक्षाचा आहे, कराराचा नाही. एका मंत्र्याने आपल्या पंतप्रधानांना असे उघड सुनवावे, ही साधी गोष्ट नव्हती. पण केबल साहेबांच्या बोलण्याने धोरण काही थांबले नाही.

सार्वमताचा दिवस

हे भाषण झाले तेव्हा सार्वमताला तीन आठवडे उरले होते. विरोधी प्रचाराने मोठमोठे फलक लावले. नवजात बाळाचे चित्र आणि खाली मजकूर असा की या बाळाला हृदयाच्या उपचाराची सोय हवी आहे, नवी मतदानपद्धत नको. नवी पद्धत आणायला पंचवीस कोटी पौंड खर्च येईल, असा आकडा फिरवला गेला, जो सुधारणावाद्यांनी साफ नाकारला. क्लेग यांनी मोडलेल्या वचनांची यादी पत्रकांवर छापली गेली. त्यांनी निवडणुकीत विद्यार्थ्यांना शब्द दिला होता की फीवाढीच्या विरोधात मत देऊ. डिसेंबर २०१० मध्ये त्याच सरकारने विद्यापीठाच्या फीची कमाल मर्यादा वर्षाला ९ हजार पौंडांवर नेली आणि क्लेग यांनी बाजूने मत दिले. त्यांचे नाव घेतले की विद्यार्थी संतापत. त्याचा पुरेपूर फायदा घेण्यात आला. मतदानाच्या दोन दिवस आधी मंत्रिमंडळाच्या बैठकीतच उदारमतवादी मंत्री ख्रिस ह्यून यांनी ती पत्रके टेबलावर ठेवून पंतप्रधानांना जाब विचारला.

५ मे २०११ रोजी मतदान झाले. शंभरातले जेमतेम ४२ मतदार घराबाहेर पडले. त्यांपैकी ६७.९ टक्के लोकांनी बदल नको म्हटले, ३२.१ टक्के लोकांनी हवा म्हटले. विषय तिथेच संपला.

यात एक गोष्ट आपल्या लोकांना ठाऊक नसते. इंग्लंडमध्ये कायदेशीर राहणाऱ्या भारतीय नागरिकाला राष्ट्रकुलाचा नागरिक म्हणून तिथल्या संसदीय निवडणुकीत मत देता येते. या सार्वमतातही देता आले. म्हणजे ज्यांच्या येण्यावर मर्यादा घालण्याचे चालले होते, त्यांतल्याच काहींच्या हाती मत होते. परदेशी गेलेल्या आपल्या मुलांनी मतदारयादीत नाव नोंदवले का, हे आई-वडिलांनी फोनवर जरूर विचारावे.

भोगले कोणी?

आता या ओढाताणीची किंमत कुणी मोजली ते पाहू. त्या वेळी इंग्लंड युरोपीय संघात होते, त्यामुळे युरोपातून येणाऱ्यांना अडवता येत नव्हते. देश सोडून जाणाऱ्यांवरही सरकारचा काबू नसतो. मग निव्वळ आकडा खाली आणायचा तर हात कुणावर चालणार? युरोपबाहेरचा कामगार, विद्यार्थी, आणि लग्न होऊन येणारा नवरा किंवा बायको यांच्यावरच.

एप्रिल २०११ पासून युरोपबाहेरच्या कुशल कामगारांना वर्षाला २०,७०० ची मर्यादा लागली. मोठ्या कंपनीने आपल्याच इथल्या शाखेतला माणूस तिकडे पाठवला तर मात्र तो या मर्यादेत मोजला जात नसे. उद्योगपतींचे गाऱ्हाणे ऐकायला मंत्रिमंडळात माणसे होती. एप्रिल २०१२ मध्ये शिक्षण संपल्यावर दोन वर्षे राहून नोकरी करण्याची परदेशी विद्यार्थ्यांची सोय बंद झाली. ज्याचा बाप श्रीमंत, त्याला पदवी घेऊन परत येणे जड गेले नाही. ज्याने कर्ज काढले, त्याला ते फेडण्याची वाट बंद झाली. तशी सोय पुन्हा सुरू व्हायला २०२१ साल उजाडले.

जुलै २०१२ पासून परदेशी जोडीदाराला आणायचे तर इंग्लंडमधल्या माणसाची वर्षाची कमाई किमान १८,६०० पौंड हवी, असा नियम आला. मूल असले तर त्याहून जास्त. हॉटेलात भांडी घासणारा, दुकानात उभा राहणारा, म्हाताऱ्यांची शुश्रूषा करणारी बाई, यांच्यापैकी कितीतरी जणांना तो आकडा गाठता येईना. नवरा एका देशात, बायको दुसऱ्या देशात, आणि मूल बापाला पडद्यावर पाहून मोठे होणार. एप्रिल २०२४ मध्ये हाच आकडा २९ हजार पौंडांवर नेला गेला. लग्न करायला मन लागते असे आपण समजत होतो, तिकडे पगाराची पावती लागते!

२०१३ साली भारत, पाकिस्तान, बांगलादेश, श्रीलंका, नायजेरिया, घाना या देशांतून पाहुणे म्हणून येणाऱ्या काही जणांकडून ३ हजार पौंडांची अनामत घ्यावी, असा घाट गृहखात्याने घातला. म्हणजे जवळपास ३ लाख रुपये! मुलीचे बाळंतपण करायला निघालेल्या आईने एवढी रक्कम कुठून आणावी? अनामतीची कल्पना त्याच वर्षी मार्चमध्ये स्वतः क्लेग यांनीही एका भाषणात मांडली होती. दहा वर्षे राहिलेल्यांना वाट देण्याचे आपल्या पक्षाचे धोरणही त्यांनी त्याच भाषणात सोडून दिले. पण गृहखात्याने एवढी मोठी रक्कम पुढे आणल्यावर त्यांनी विरोध केला आणि नोव्हेंबर २०१३ मध्ये ती योजना बारगळली. छोटा पक्ष अडून बसला तर काय होऊ शकते याचे हे उदाहरण, आणि धार सोडून बोलू लागला तर काय होते याचेही.

२०१४ च्या कायद्याने घरमालकांवर जबाबदारी टाकली की भाडेकरूची कागदपत्रे तपासा, नाहीतर दंड भरा. या नियमाची पहिली चाचणी ज्या शहरांत झाली त्यांत वुल्व्हरहॅम्प्टन होते, जिथे आंबेडकरी बौद्धांचे विहार आहे. भाड्याने घर मागताना घरमालक नाव ऐकून चेहरा पाहतो, हा अनुभव आपल्याला पुण्या-मुंबईत कमी आला आहे काय? कायद्यानेच घरमालकाच्या हाती संशयाचा दिवा दिला की कुणाच्या तोंडावर उजेड पडणार हे सांगायला नको. पुढे २०१८ मध्ये उघड झाले की कॅरिबियन बेटांतून कायदेशीरपणे, लहानपणीच आलेल्या वयस्कर माणसांच्या नोकऱ्या, घरे, औषधोपचार कागद नाही म्हणून हिरावले गेले, काहींना तर देशाबाहेर धाडले गेले. तेव्हाच्या गृहमंत्र्यांना राजीनामा द्यावा लागला.

जातीचा कायदा आणि एक बौद्ध लॉर्ड

याच पाच वर्षांत आपल्या थेट हिताची एक गोष्ट घडली. इंग्लंडच्या २०१० च्या समता कायद्यात जातीवरून होणारा भेदभाव समाविष्ट करण्याचा अधिकार मंत्र्यांना दिलेला होता. करायचे की नाही ते त्यांच्या मर्जीवर. तिथल्या आंबेडकरी आणि रविदासी बांधवांनी निदर्शने केली, खासदारांची दारे ठोठावली. केबल यांच्याच खात्याचे एक विधेयक २०१३ मध्ये लॉर्ड्स सभागृहात आले तेव्हा त्याला जातीची दुरुस्ती जोडली गेली. संयुक्त सरकारने प्रथम विरोध केला. लॉर्ड्सने हट्ट सोडला नाही, आणि अखेर 'करता येईल' याच्या जागी 'करावेच लागेल' असा शब्द कायद्यात आला.

या प्रश्नावर सातत्याने बोलणाऱ्यांत लॉर्ड एव्हबरी होते. उदारमतवादी पक्षाचे सभासद, म्हणजे सत्ताधारी बाजूचेच, आणि धर्माने बौद्ध. १९६८ साली पूर्व आफ्रिकेतल्या आशियाई लोकांना इंग्लंडचे दार बंद करणारा कायदा आला, तेव्हाही त्यांनी त्याला विरोध केला होता. आपला पक्ष सत्तेत आहे म्हणून त्यांनी तोंड बंद ठेवले नाही. २०१६ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांची आठवण आपल्या विहारांतून निघावी असे आम्हांला मनापासून वाटते.

पण 'करावेच लागेल' असे लिहूनही तारीख लिहिली नव्हती. वर्षे गेली, सल्लामसलती झाल्या, आणि २०१८ मध्ये पुढच्या हुजूर सरकारने जाहीर केले की जातीचा वेगळा कायदा करणार नाही. लिहून घेणे पुरत नाही, कधीपर्यंत हेही लिहून घ्यावे लागते.

काय मिळाले, काय गेले

निष्पक्षपणे सांगायचे तर उदारमतवाद्यांना काहीच मिळाले नाही असे नाही. गरीब घरच्या मुलांमागे शाळेला जादा पैसे मिळू लागले. आयकर लागत नाही ती कमाई सुमारे साडेसहा हजार पौंडांवरून १० हजारांवर गेली. लहान मुलांना कोठडीत ठेवण्याला कायद्याने आळा बसला. या तिन्ही गोष्टी करारात स्पष्ट लिहिलेल्या होत्या. जे मोघम लिहिले, त्यात ते हरले. लॉर्ड्स सभागृहात निवडून आलेले सभासद असावेत, ही त्यांची दुसरी मोठी सुधारणा. जुलै २०१२ मध्ये हुजूर पक्षाच्या ९१ खासदारांनी तिच्याविरुद्ध बंड केले आणि ऑगस्टमध्ये ती सोडून द्यावी लागली. तेव्हा क्लेग यांनी प्रथमच जशास तसे केले. मतदारसंघ ६५० वरून ६०० करण्याचा हुजूर पक्षाचा लाडका बेत त्यांनी जानेवारी २०१३ मध्ये मतदानात रोखून धरला.

मात्र सरकार त्यांनी सोडले नाही. इथे आम्हांला २७ सप्टेंबर १९५१ आठवतो. बाबासाहेब काँग्रेसचे सभासद नसताना देशाचे कायदामंत्री झाले होते. हिंदू कोड बिलासाठी त्यांनी प्रकृतीची पर्वा केली नाही. ते बिल गुंडाळले जाते आहे, दलितांची दाद लागत नाही, हे दिसताच त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. दोन्ही देशांची परिस्थिती वेगळी होती, हे आम्ही जाणतो. तरी सत्तेत कशासाठी गेलो हे ज्याच्या ध्यानात असते, त्यालाच सत्तेतून केव्हा उठायचे हेही कळते, एवढे त्यातून घ्यावे.

७ मे २०१५ च्या निवडणुकीत उदारमतवादी ५७ वरून ८ वर आले. क्लेग यांनी पुढारीपण सोडले, केबल तर आपल्याच मतदारसंघात पडले. हुजूर पक्षाला एकट्याला बहुमत मिळाले. ज्या निव्वळ आकड्यासाठी हे सारे झाले, तो २०१४ साली सुमारे ३ लाख १८ हजार होता! हजारांत तो आलाच नाही. आणि परदेशी माणसांच्या विरोधावर उभ्या असलेल्या युकिप पक्षाला १२.६ टक्के मते पडून जागा मिळाली एक. जुनी मतदानपद्धत कुणाला आज तारते, कुणाला उद्या बुडवते. २०२४ मध्ये त्याच पद्धतीने मजूर पक्षाला सुमारे ३४ टक्के मतांवर ४११ जागा मिळाल्या. मोजण्याची रीत जशीच्या तशी आहे.

आपण काय विचारायचे

वाचकहो, निवडणूक आली की आपल्या वस्तीत गाड्या येतात. आपले पुढारीही कुणाच्या तरी शेजारी खुर्चीवर बसलेले दिसतात. युती करू नये असे आम्ही म्हणत नाही. विखुरलेल्या समाजाला एकट्याने उभे राहणे कठीण, हे बाबासाहेबांनाही ठाऊक होते. पण चार प्रश्न विचारण्याचा आपला हक्क आहे, आणि ते स्त्रियांनी पुढे होऊन विचारावेत.

करार लेखी आहे काय, आणि तो आम्हांला वाचायला मिळेल काय? त्यात आमचे काम करू असे लिहिले आहे, की कामाचा विचार करू असे? कधीपर्यंत? आणि शब्द मोडला तर तुम्ही खुर्ची सोडणार काय?

पाचवा प्रश्न आपण स्वतःला विचारायचा. बैठकीच्या टेबलावर जो नसतो त्याच्या वाट्याचे ताट पहिले उचलले जाते. इंग्लंडात तो परदेशी विद्यार्थी होता, हॉटेलातला कामगार होता, लग्नाची सून होती. आपल्या शहरात तो परप्रांतीय मजूर असेल, नाक्यावर उभा असलेला, भाड्याची खोली न मिळणारा. आपले आजे-पणजे गाव सोडून गिरणीत, गोदीत, रेल्वेत आले तेव्हा तेही या शहरात बाहेरचेच होते. त्या मजुराविरुद्ध कुणी आपल्याला हाकारू लागला तर आपण कुठे उभे राहायचे, हे या आठवड्याच्या रविवारी विहारात वंदना झाल्यावर एकमेकांशी बोलून पाहावे. मुलांनाही त्या बोलण्यात बसवावे.

जयभीम!